वेडर विकत घेण्यापूर्वी : मित्रास पत्र

ग्रँड रॅपिड्स, मिशिगन
९ मार्च २०२५

प्रिय अनिरुद्ध,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. नोव्हीला घर लागले, मुलांच्या शाळा सुरू झाल्या आणि एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी ट्राउट माशांच्या मासेमारीचा हंगाम उघडेल तेव्हा ऑ सेबल नदीवर यायचेच असे तू ठरवले आहेस, हे वाचून मनापासून आनंद झाला. नदीत उभे राहून मासेमारी करताना घालायचा जलरोधक पोशाख, म्हणजे छातीपर्यंतचा वेडर, कोणता घ्यावा, बुटांसकट सगळे चारशे डॉलरांत बसेल का आणि तो निदान काही वर्षे तरी टिकेल का, असे तू विचारले आहेस. हा प्रश्न दिसतो त्याहून मोठा आहे, म्हणून उत्तर जरा सविस्तर लिहितो.

आपण चिपळूणला वाशिष्ठीच्या काठी गरवायला जायचो तेव्हा हाफ पँट दुमडून पाण्यात उतरले की काम भागत असे. येथे ते चालणार नाही. ऑ सेबल ही मुख्यतः जमिनीखालच्या झऱ्यांवर पोसलेली नदी आहे. एप्रिलच्या अखेरीस तिचे पाणी साधारण ७ ते १० अंश सेल्सियस असते, आणि अशा पाण्यात उघड्या पायांनी उभे राहिल्यास थोड्याच वेळात बोटांची जाणीव जाते. त्यामुळे वेडर ही येथे चैनीची वस्तू नाही.

माझे मत आधीच सांगून टाकतो. हवा खेळू देणाऱ्या कापडाचा, पायाशी निओप्रीन या कृत्रिम रबराचा मोजा असलेला मधल्या किमतीचा वेडर घे आणि त्यावर घालायचे बूट वेगळे घे. अडीचशे डॉलरांच्या आसपास वेडर, सव्वाशे डॉलरांच्या आसपास बूट आणि उरलेल्या पैशांत लोकरीचे मोजे व दुरुस्तीच्या गोंदाची एक ट्यूब, अशी वाटणी मला योग्य वाटते. मात्र कंपनीच्या नावापेक्षा मापावर जास्त वेळ घालव. आराम आणि टिकाऊपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि एकीसाठी दुसरी थोडी सोडावी लागते, असा अनेकांचा समज असतो. वेडरच्या बाबतीत तरी तसे नाही. जो वेडर अंगावर नीट बसत नाही तोच आधी फाटतो.

कापडाविषयी थोडक्यात लिहितो. शंभर डॉलरांच्या आत मिळणारे नायलॉन-पीव्हीसीचे वेडर पाणी अडवतात, पण घामही आतच अडवतात. ऑ सेबलवर एका जागी उभे राहून मासेमारी होत नाही, काठाने चालावे लागते. तासाभराने आतून कपडे इतके ओले होतात की वेडर गळतो आहे असेच वाटू लागते. निओप्रीन हे ड्यू पाँट कंपनीने १९३० च्या दशकाच्या आरंभी बाजारात आणलेले कृत्रिम रबर आहे. साडेतीन किंवा पाच मिलिमीटर जाडीचा निओप्रीनचा वेडर उबदार असतो आणि जानेवारीत स्टीलहेड माशांसाठी तासन्‌तास स्थिर उभे राहणाऱ्याला तो उपयोगी पडतो, परंतु मे महिन्यात तोच नकोसा होतो. तिसरा प्रकार म्हणजे गोअर-टेक्ससारख्या पडद्याचे कापड. बॉब गोअर यांनी १९६९ मध्ये टेफ्लॉन झटक्यात ताणून जो सच्छिद्र पडदा मिळवला, त्यातून हे कापड पुढे आले. त्याची छिद्रे पाण्याच्या थेंबाला आत येऊ देत नाहीत, पण घामाची वाफ बाहेर जाऊ देतात. आज इतर कंपन्यांचेही असे पडदे मिळतात आणि त्यांतले मधल्या किमतीचे पडदे तुझ्या गरजेला पुरेसे आहेत. हा वेडर स्वतः ऊब देत नाही. ऊब आतल्या कपड्यांनी आणायची असते, आणि म्हणूनच तो एप्रिलपासून नोव्हेंबरपर्यंत चालतो. आत सुती कपडे अजिबात घालू नकोस, कारण सूत ओले झाले की अंगाची ऊब शोषून घेते.

बूट जोडूनच आलेला वेडरही मिळतो. तो पटकन चढवता येतो आणि समुद्रकिनाऱ्यावर सोयीचा पडतो, पण त्यात घोटा नीट आवळला जात नाही. नदीच्या तळाशी गोटे आणि बुडालेले ओंडके असताना घोट्याला आधार हवा. शिवाय बूट वेगळे असले की वेडर गेला तरी बूट राहतात.

आता मापाविषयी. अमेरिकन कंपन्यांचे तक्ते येथल्या लोकांच्या बांध्यावरून बेतलेले असतात. तुझ्यामाझ्यासारख्यांची छाती ‘मीडियम’मध्ये बसते, पण पायांची लांबी त्याहून कमी भरते. बरेच जण तसाच ‘मीडियम’ घेतात आणि गुडघ्यापाशी व घोट्यापाशी कापडाच्या चुण्या जमतात. चालताना दोन्ही मांड्यांच्या आतल्या चुण्या एकमेकींवर घासत राहतात आणि कापड नेमके तेथेच झिजते. उलट तोकडा वेडर घेतला, तर प्रत्येक वेळी ओंडका ओलांडताना सगळा ताण काट्याच्या शिवणीवर, म्हणजे दोन्ही पायांच्या शिवणी जेथे मिळतात तेथे, येतो. कापड एकदम फाटत नाही. शिवणीवर आतून चिकटवलेली पट्टी पुन्हापुन्हा वाकून वाकून हळूहळू सुटते आणि एके दिवशी मांडी ओली लागते. त्यामुळे ‘मीडियम शॉर्ट’, ‘मीडियम किंग’ अशी मधली मापे ठेवणारी कंपनीच निवड. पोट सुटलेले असेल तर ‘किंग’ किंवा ‘स्टाउट’ माप बघायला संकोच करू नकोस.

दुकानात जाताना आत घालायची जाड विजार आणि लोकरीचे मोजे घरूनच घालून जा. वेडर चढवून आधी खुर्चीवर एक पाय ठेव, मग पूर्ण उकिडवा बस आणि त्यानंतर दोन्ही हात वर कर. यातल्या कोणत्याही स्थितीत काट्यात किंवा खांद्यावर ओढ जाणवली, तर तो वेडर तुझ्यासाठी नाही, मग किंमत कितीही उतरलेली असो. मोज्याच्या भागाकडेही लक्ष दे. निओप्रीनचा मोजा मोठा झाला तर बुटात त्याची घडी पडते, ती घडी दिवसभर पायाला टोचते आणि मोजा त्याच घडीवर झिजतो. तो तंग झाला तर बोटांतले रक्त नीट फिरत नाही आणि दोन जोड मोजे घालूनही पाय गारठतात.

वेडर अंगावरून उतरवल्यावर तो उलटा करून बघ. शिवणींवरच्या पट्टीच्या कडेवरून अंगठा फिरव. ती सपाट आणि एकसंध लागली पाहिजे, विशेषतः जेथे दोन शिवणी एकमेकींना छेदतात तेथे. नव्या वेडरमध्येच तेथे कड उचललेली दिसली तर दुसरा नग माग. काही कंपन्या पायाची शिवण मांडीच्या आतल्या बाजूने न नेता मागच्या बाजूने नेतात. ही रचना मला निश्चितच अधिक पसंत आहे, कारण घासण्याची जागा आणि शिवणीची जागा त्यामुळे वेगळ्या होतात. गुडघ्यापासून खाली कापडाचा जादा थर आहे ना, हेही पाहा. येथे नदीत पडलेले सीडरचे वृक्ष मुद्दाम तसेच ठेवतात, कारण मासे त्यांच्या आडोशाला राहतात. त्यांच्या तुटलेल्या फांद्यांची टोके पाण्याखाली दिसत नाहीत आणि वेडरला भोक पडते ते बहुधा नडगीवरच.

समोरची जलरोधक चेन, ऊबदार खिसे, काढता येणाऱ्या पिशव्या यांवर पैसे घालू नकोस. चेन सोयीची असते हे खरे, पण किंमत बरीच वाढते आणि बिघडू शकणारी आणखी एक जागा तयार होते.

बुटांच्या तळव्याचा प्रश्न मात्र नीट समजून घे, कारण तो केवळ तुझ्या सोयीचा नाही. शेवाळलेल्या दगडावर फेल्टचा, म्हणजे दाबून केलेल्या जाड नमद्याचा, तळवा उत्तम पकड देतो. पण फेल्ट अनेक दिवस ओला राहतो आणि त्याच्या तंतूंत दडलेले सूक्ष्म जीव एका नदीतून दुसऱ्या नदीत पोहोचतात. न्यूझीलंडने २००८ मध्ये, अलास्काने २०१२ मध्ये आणि यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाने २०१८ मध्ये फेल्टवर बंदी घातली ती याच कारणाने. मिशिगनमध्ये तशी बंदी नाही, पण धोका येथे येऊन पोहोचला आहे. न्यूझीलंडची चिखलगोगलगाय २०१५ मध्ये पिअर मार्केट नदीत सापडली आणि पुढच्या वर्षी ऑ सेबलमध्येही. ती जेमतेम काही मिलिमीटरांची असते, बुटाच्या नाडीच्या भोकात सहज मावते आणि नर नसतानाही एकटी मादी पिढी वाढवू शकते. ट्राउटने गिळली तरी ती बहुतेक वेळा न पचता जिवंत बाहेर पडते. त्यानंतर २०२१ च्या अखेरीस मॅनिस्टी नदीच्या वरच्या भागात डिडिमो हे दगडांवर गोधडीसारखे पसरणारे शेवाळही आढळले. ज्या पिअर मार्केटच्या खोऱ्यात १८८४ मध्ये अमेरिकेतले पहिले ब्राउन ट्राउट सोडले गेले आणि ज्या ऑ सेबलच्या काठी ग्रेलिंग येथे १९५९ मध्ये ट्राउट अनलिमिटेड ही ट्राउटच्या नद्या जपणारी संस्था उभी राहिली, त्या नद्यांवर आपल्या बुटांमुळे असे संकट वाढावे हे मला सहन होत नाही. म्हणून रबराचा तळवाच घे. ऑ सेबलचा तळ बहुतांशी वाळूचा आणि बारीक खडीचा आहे, त्यामुळे येथे रबर पुरेसे ठरते. पुढे खडकाळ नदीवर गेलास तर त्याच तळव्यात टंगस्टन कार्बाइडचे खिळे बसवता येतात, फक्त असे बूट घालून कोणाच्या नावेत चढण्यापूर्वी विचारून घे. बूट नेहमीच्या मापापेक्षा एक नंबर मोठा लागेल, तो वेडरचा मोजा घालूनच ठरव.

कमरेचा पट्टा सहसा वेडरबरोबर येतो. तो प्रत्येक वेळी घट्ट बांध, पाणी गुडघाभर असले तरी. वेडरमध्ये पाणी भरले की ते माणसाला तळाशी ओढते असे म्हणतात, ते खरे नाही, कारण पाण्याला पाण्यात वजन नसते. खरा धोका असा की भरलेले पाय प्रवाह वाहवत नेतो आणि काठावर चढू पाहावे तर ते वजन उचलवत नाही. त्यातच पाणी थंड असेल तर अंगातली शक्ती झपाट्याने जाते. पट्टा पाणी आत येण्याचा वेग कमी करतो आणि तेवढ्यात काठ गाठता येतो.

घेतल्यानंतरच्या निगेवर निम्मे आयुष्य अवलंबून आहे, असे मी म्हणेन. वाहनतळावरच्या खडीवर नुसत्या मोज्यांनी उभा राहू नकोस, गाडीत एक जुने पायपुसणे ठेव आणि कपडे त्यावर उभा राहून बदल. बुटावर ओढायची खडीरोधक पट्टी नाडीला अडकवायला विसरू नकोस, कारण बूट आणि मोजा यांच्यामध्ये शिरलेली वाळू निओप्रीनला आतल्या आत कुरतडते. घरी आल्यावर वेडर आधी आतून आणि मग बाहेरून वाळव, बूटही पूर्ण कोरडे होऊ दे. गोगलगाय रोखण्याचा तोच साधा मार्ग आहे. ओला वेडर घडी करून गाडीच्या डिकीत ठेवला की उन्हाच्या तापाने कापडाचे थर सुटतात, आणि त्यानंतर दुरुस्ती होत नाही. जुलैमध्ये तर वेडर घालूच नकोस. अर्धी विजार, निओप्रीनचे मोजे आणि हेच बूट घालून पाण्यात उतर. वेडरचे आयुष्य वाढवण्याचा याहून स्वस्त उपाय नाही.

कधी ओल जाणवली तर आधी ती घामाची आहे की गळतीची, हे ओळख. घाम सगळीकडे सारखा असतो, गळती एका ठिकाणी गार लागते आणि तेथून खाली ओघळते. गोअर-टेक्ससारखे कापड उलटे करून त्यावर औषधाच्या दुकानात मिळणारे आयसोप्रोपिल अल्कोहोल फवारले, तर सुईएवढे छिद्रही काही क्षणांत काळसर ठिपक्यासारखे उमटते. त्याभोवती पेनने वर्तुळ कर, कापड सुकू दे, मग ॲक्वासील या दुरुस्तीच्या गोंदाचा नखाएवढा थेंब बोटाने पसरून रात्रभर ठेव. अशी छिद्रे बुजवलेला वेडर पुढे निर्धोकपणे वापरता येतो. हे काम ज्याला जमते त्याला मधल्या किमतीचा वेडर महाग वेडरइतकाच पुरतो.

सिम्ससारख्या कंपनीचे मोंटानात, बोझमन येथे शिवलेले वेडर सहाशे डॉलरांपासून पुढे जातात. ते उत्तमच असतात, आणि जो वर्षभर नदीत उभा राहून पोट भरतो त्या वाटाड्याने ते जरूर घ्यावेत. तुला महिन्यातून एखाद-दोन शनिवार मिळतील, तेवढ्यासाठी ती रक्कम घालवू नये असे मला वाटते. गेल्या हंगामाच्या रंगाचा नग सवलतीत मिळाला तर अवश्य घे, पण वापरलेला वेडर घेऊ नकोस, कारण त्याची झीज वरून दिसत नाही. हमी किती वर्षांची आहे आणि शिवण उसवल्यास कंपनी दुरुस्त करून देते का, हे पावती होण्यापूर्वी विचार.

आता तू एवढे कर. पायाची आतली लांबी, छाती आणि पोट यांचा घेर, आणि बुटाचा नंबर, अशी मापे जाड विजारीवरून घेऊन मला कळव. मी दोन-तीन कंपन्यांच्या तक्त्यांशी ताडून नेमके माप सुचवतो, मग तू नोव्हीच्या आसपासच्या दुकानात ते घालून पाहा. हंगाम २६ एप्रिलला उघडतो, म्हणजे माप चुकले तर बदलून घ्यायलाही पुरेसा अवधी आहे. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
श्रीकांत