व्यायाम विचारता, तसा खुराकही विचारा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

माझी मुलगी एकोणीस वर्षांची आहे. गेल्या वर्षी ती पहाटे साडेचारला उठून रंकाळ्यावर पळायला जायची आणि संध्याकाळी पुन्हा दोन तास जिम. शेजारी म्हणायचे, "पोरगी बघा, नाहीतर आमची अजून अंथरुणात." मलाही अभिमान वाटायचा. भाकरी अर्धी झाली, मग चतकोर. रविवारी घरात पांढरा रस्सा झाला की ती ताटावर यायचीच नाही. एकदा अंगात ताप असताना भर पावसात पळायला निघाली. मी दाराला कडी घातली, तर पोर आकांत करून रडली. चार महिने पाळी आली नाही, हे मला त्या रात्री कळलं. त्याआधी एका दवाखान्यात चक्कर येते म्हणून दाखवलं होतं. नाडी मंद लागली, तर "व्यायामाचं शरीर आहे, छान" असं सांगून आम्हाला परत पाठवलं. जेवतेस काय, हे कुणी विचारलंच नाही.

पुढे मानसोपचारतज्ज्ञांनी तिला सहा प्रश्न विचारले. व्यायाम ही आयुष्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट झाली आहे का? त्यावरून घरात भांडणं होतात का? मन ताळ्यावर आणायला व्यायामच लागतो का? तो वाढतच चालला आहे का? चुकला तर चिडचिड होते का? कमी केला, तरी पुन्हा तेवढाच होतो का? ही चाचणी २००४ सालची आहे. प्रत्येक उत्तराला १ ते ५ गुण, एकूण ३०. २४ किंवा त्याहून जास्त आले तर व्यायामाचं व्यसन जडण्याचा धोका आहे असं धरतात. तिचे २८ आले.

एवढ्यावर निदान होत नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. मॅरेथॉनची तयारी करणाऱ्या धडधाकट माणसालाही जास्त गुण पडू शकतात. म्हणून त्यांनी लगेच खाण्याचे पाच प्रश्न विचारले. पोट भरल्यावर मुद्दाम उलटी काढतेस का, खाण्यावरचा ताबा सुटला असं वाटतं का, तीन महिन्यांत सहा किलोंहून जास्त वजन उतरलं का, लोक बारीक म्हणत असताना तू स्वतःला जाड समजतेस का, सगळं आयुष्य अन्नाभोवतीच फिरतंय का. दोन 'हो' आले तरी पुढची तपासणी करायची. व्यायामाचं व्यसन आणि खाण्याचे विकार बऱ्याचदा हातात हात घालून येतात. अनेक अभ्यास एकत्र तपासणारा एक आढावा २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यात खाण्याच्या विकाराची लक्षणं असलेल्यांमध्ये हे व्यसन साडेतीन पटींहून जास्त आढळलं. खाल्लेलं 'जाळायला' पळायचं आणि एवढं पळूनही खायला घाबरायचं. शरीराला इंधनच मिळेना की पाळी थांबते, हाडं ठिसूळ होतात, हृदय मंदावतं. मुलगेही यातून सुटत नाहीत. त्यांचं लवकर लक्षात येत नाही, एवढंच.

खरं तर हे कोल्हापूरला नव्यानं शिकवायची गरज नव्हती. माझे वडील तालमीत जायचे. वस्ताद जोर-बैठका मोजायचे, तसाच पोराचा खुराकही विचारायचे. दूध किती, बदाम किती, झोप किती. अंग दुखलं तर त्या दिवशी मेहनत बंद. आजच्या जिममध्ये महिन्यात किती किलो उतरले याचा फलक लागतो. माझ्या मुलीचाही फोटो तिथं लागला होता, ती सर्वांत आजारी होती त्याच महिन्यात.

जिम, भरतीपूर्व अकादमी, पळणाऱ्यांचे ग्रुप आणि आपले फॅमिली डॉक्टर यांना माझी कळकळीची विनंती आहे. नाव नोंदवतानाच हे अकरा प्रश्न विचारा आणि दर तीन महिन्यांनी पुन्हा विचारा. शंका आली तर रागावू नका, व्यायाम एकदम तोडू नका, डॉक्टरांकडे पाठवा. कुठं जायचं ते सुचत नसेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतसेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे.

मुलगी आता सावरते आहे. आठवड्यातून तीनच दिवस चालायला जाते, तेही माझ्याबरोबर. आपण आरोग्याच्या पानावर हे प्रश्न मोठ्या अक्षरांत छापावेत. त्या फलकाशेजारी कात्रण लावायला मी स्वतः घेऊन जाईन.

आपली नम्र,
एक आई, शिवाजी पेठ, कोल्हापूर
(मुलीसाठी नाव छापू नये, ही विनंती.)