नांगर सोडायला लावलात, आता गोगलगायींचं बघा! – कृषिमंत्र्यांना खुले पत्र

माननीय कृषिमंत्री, कर्नाटक राज्य, बंगळूर यांस,

सप्रेम नमस्कार.

आपण कामात असाल, म्हणून पाल्हाळ न लावता सांगतो. माझं सोयाबीन या हंगामात दुसऱ्यांदा गेलं. पाऊस वेळेवर होता, वापसा चांगला होता, उगवणही झाली होती. ते गोगलगायींनी खाल्लं. जमिनीतून वर आलेली दोन दलं आणि मधला शेंडा एका रात्रीत कुरतडला गेला, की सोयाबीनला पुन्हा फुटायला डोळाच उरत नाही. गव्हा-ज्वारीचा कोंब सुरुवातीला जमिनीतच असतो, वरचं पान गेलं तरी तो पुन्हा वर येतो. सोयाबीनला ती सोय नाही. सकाळी रानात गेलो तर नुसते दांडे उभे आणि उसाच्या पाचटावर चिकट चकाकते पट्टे.

पाचट कुठून आलं, तर ते तुमच्याच लोकांनी ठेवायला लावलं. उन्हाळ्यात इथे निपाणी भागात एक शेतकरी मेळावा झाला. मंचावरचे साहेब म्हणाले, पाचट जाळू नका, नांगर घालू नका, उसाची धसकटं तणनाशकाने मारा आणि मधल्या जागेत सोयाबीन टोका. जमिनीचा कस वाढेल, डिझेल वाचेल, ओल टिकेल. हे सगळं खरं आहे, मी नाकारत नाही. गांडुळं वाढली, पावसाचं पाणी बांधावरून वाहून जाण्याऐवजी मुरायला लागलं. नांगरट वाचली ती वेगळीच. त्याच मेळाव्यात एका म्हाताऱ्याने विचारलं, "पाचटात गोगलगाय होईल, तिचं काय?" साहेब हसून म्हणाले, "पहिल्या पावसाआधी गोगलगाय मारायच्या गोळ्या अर्ध्या किमतीत मिळतील, काळजी नको." टाळ्या पडल्या. आमच्या हजेरीवहीत सह्या घेतल्या, केळं आणि बिस्किटं दिली.

पहिला पाऊस झाला, मिरगही सरला, गोळ्या आल्या नाहीत. विचारायला गेलो तर आधी "स्टॉक वर मागितलाय" आणि नंतर "गोगलगाय हा कीटक नाही, ती मृदुकाय आहे, कीटकनाशकाच्या अनुदानात बसत नाही." शाळेत शिकलो नव्हतो ते तिथे शिकलो. साहेब, ती कीटक नाही हेच तर आमचं दुखणं आहे. नेहमीच्या कीटकनाशकाने ती मरत नाही. दुकानदार मात्र प्रत्येकाच्या हातात कीटकनाशकाचीच बाटली देतो. बियाण्याला थायमेथोक्झाम हे कीटकनाशक लावून पेरलं तर गोगलगाय ते रोप खाऊनही जगते, आणि ती गोगलगाय खाणारे जमिनीवरचे भुंगेरे मात्र मरतात. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या शास्त्रज्ञांनी विनानांगरणीच्या सोयाबीनमध्येच हे दाखवून दिलं, त्याला दहाएक वर्षं झाली. बेंगळुरातल्या फायलींपर्यंत ते अजून पोचलेलं दिसत नाही.

सरकार गोगलगायीच्या चालीने चालतं, असं मी लिहिणार नाही. गोगलगाय एका रात्रीत निम्मं वावर पार करते.

आमच्याकडे दोन जाती आहेत. एक मोठी शंखाची, आफ्रिकेतली. ती १८४७ साली एका इंग्रजाने मॉरिशसहून कोलकात्याच्या बागेत आणून सोडली आणि पुढे देशभर पसरली. दुसरी बिनशंखाची, बोटाएवढी, काळपट. ती जास्त त्रासाची, कारण ढेकळांच्या फटीत आणि पाचटाखाली शिरली की दिसतच नाही. नर-मादी वेगळे नाहीत, प्रत्येकजण अंडी घालतो. शंखाची तर एका खेपेला शंभरावर अंडी घालते. नांगर असताना ही अंडी उन्हाळ्यात वर येऊन वाळायची, पाखरं वेचून खायची. नांगर गेला, ऊन गेलं, पाखरं गेली. वडील रोज ऐकवतात, "नांगर सोडलास ना, आता भोग."

भोगतोच आहे. अंधार पडला की बॅटरी आणि बादली घेऊन आम्ही नवरा-बायको रानात. ओली पोती गुळाच्या पाण्यात भिजवून सरीसरीला टाकायची, पहाटे उलटायची, खाली जमलेल्या गोगलगायी साबणाच्या पाण्यात टाकायच्या. बायकोचे गुडघे धरलेत. पोरगं शाळेत "गोगलगायवाला" झालंय. शेजाऱ्याने मीठ टाकलं, गोगलगायी मेल्या आणि तो पट्टाही नापीक झाला. दुसऱ्याने मेटाल्डिहाईडच्या गोळ्या आणून ढीग करून ठेवल्या, ते त्याच्या कुत्र्याने खाल्लं आणि कुत्रं मेलं. पाकिटावर कसं वापरायचं ते बारीक अक्षरात इंग्रजीत. एकरी दोन किलो, विखरून, संध्याकाळी, पाऊस उघडलेला असताना, कोंबड्या-कुत्र्यांपासून लांब, एवढं मराठीत सांगायला माणूस मिळू नये? पावसाने गोळी विरघळली की अर्धमेली गोगलगाय पुन्हा उठून खायला लागते, हेही आम्हाला पैसे घालवूनच कळलं. इंग्लंडमध्ये हेच औषध मार्च २०२२ पासून उघड्यावर वापरायला बंद केलंय. तिथले शेतकरी फेरिक फॉस्फेट वापरतात, ते खाल्लं की गोगलगाय चरायचं थांबवते आणि जमिनीत जाऊन मरते. आमच्या बाजारात विचारलं तर दुकानदार माझ्याकडेच संशयाने बघतो.

आता पैशाचं बोलतो. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये ठरला. तो हमीभाव कुणाला मिळतो हा वेगळा विषय, पण त्यासाठी आधी सोयाबीन तर पिकायला हवं! आपत्ती निवारण निधीच्या २०२२-२६ च्या निकषांत कीड-प्रादुर्भाव ही आपत्ती धरलेली आहे. ३३ टक्क्यांवर नुकसान झालं तर कोरडवाहूला हेक्टरी ८,५०० रुपये, तेही दोन हेक्टरपर्यंतच. पण पंचनाम्याला येणाराच म्हणतो, "गोगलगायीचा रकाना नाही." पलीकडे महाराष्ट्रात कागलच्या पावण्यांना विचारा. २०२२ साली महाराष्ट्राने लातूर, बीड, उस्मानाबादच्या गोगलगायींच्या नुकसानीला ९८ कोटींवर मदत दिली, हेक्टरी १३,६०० रुपये, तीन हेक्टरपर्यंत. त्यांच्या गोगलगायी पगारी आणि आमच्या बिनपगारी का?

हे लिहिलं की लगेच आमच्यावर सीमावादाचा शिक्का बसणार. बसू दे. १९५६ पासून बसतोय. महाराष्ट्रही आमच्यासाठी २००४ साली सुप्रीम कोर्टात जाऊन बसलाय, उठायचं नाव नाही. तिकडचे नेते येऊन गहिवरतात आणि परत जातात. इकडे रयत संपर्क केंद्रात, म्हणजे शेतीखात्याच्या कचेरीत, पत्रक मिळतं ते फक्त कन्नडमध्ये. पंधरा टक्क्यांवर भाषिक अल्पसंख्य असतील तिथे सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात, हे आम्ही नाही, केंद्र सरकारनेच ठरवलेलं आहे. मला कन्नड वाचता येतं, माझ्या आईला येत नाही, आणि रानात औषध टाकते ती आईच. १९८१ साली याच निपाणीत तंबाखूच्या भावासाठी महामार्गावर बसलेल्या शेतकऱ्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या. तेव्हा गोळ्या वेळेवर पोचल्या होत्या.

मागणं थोडं आहे. मे महिन्यातच गोळ्या रयत संपर्क केंद्रात ठेवा, मेटाल्डिहाईडच्या आणि फेरिक फॉस्फेटच्या दोन्ही. जो विनानांगरणी शिकवायला येतो त्याने टोकणीच्या ओळीवरचं पाचट बाजूला सारणं, बी जरा खोल टाकून वरची माती घट्ट दाबणं, कडक उन्हात पाचट एकदा उलथून अंडी वाळवणं, हेही रानात येऊन दाखवावं. पंचनाम्यात रकाना घाला. हे झालं नाही तर पुढच्या वर्षी अर्धा शिवार पाचट पेटवून नांगर घालणार, मग धुराबद्दल आम्हालाच नोटिसा काढा.

डिसेंबरात अधिवेशनाला बेळगावच्या सुवर्ण विधानसौधमध्ये याल तेव्हा गोगलगायी जमिनीत झोपलेल्या असतील, त्यामुळे प्रश्न आहे असं तुम्हाला वाटणारही नाही. म्हणून आत्ताच या, पाऊस चालू असताना, रात्री आठनंतर. बेळगावहून हायवेने तास-दीड तास लागतो. बॅटरी माझ्याकडे आहे. फोन नंबर मेळाव्याच्या हजेरीवहीत आहेच.

आपला,
निपाणी तालुक्यातला एक सोयाबीनवाला