मानेकडे बघायला लावणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,
सादर नमस्कार.

हार्ट फेल्युअरचा (हृदय कमकुवत होऊन अंगात पाणी साठलेला) पेशंट वॉर्डात आला की आम्ही आधी त्याच्या मानेकडे बघतो, इकोचा (हृदयाच्या सोनोग्राफीचा) कागद नंतर हातात घेतो. ही सवय तुम्ही लावलीत, म्हणून हे जाहीर आभार. नव्या इंटर्न्सनाही उपयोग व्हावा यासाठी जरा सविस्तर लिहितो आहोत.

इकोतल्या इजेक्शन फ्रॅक्शनवरून (एका ठोक्याला हृदय आतलं किती टक्के रक्त बाहेर टाकतं त्या आकड्यावरून) हृदय किती आकुंचन पावतं ते कळतं, आज अंगात किती पाणी साठलंय ते कळत नाही. खाटेजवळ तुमचे प्रश्न दोनच असत: पाणी साचलंय का, आणि रक्त पुरेसं पोचतंय का? लॅसिक्स (लघवीवाटे पाणी काढणारं औषध) किती द्यायचं आणि बीटा ब्लॉकर (हृदयाचे ठोके मंदावणारं औषध) चालू ठेवायचा की नाही, हे त्या उत्तरांवर ठरतं.

सगळ्यात जास्त वेळ तुम्ही जेव्हीपीवर (मानेच्या शिरेतल्या दाबावर) घालवलात आणि ते योग्यच होतं. पेशंटला ४५ अंशांत टेकवायचं, डोक्याखाली उशी द्यायची म्हणजे मानेचे स्नायू सैल पडतात, हनुवटी किंचित डावीकडे, टॉर्चचा उजेड तिरका. बघायची ती उजवी आतली शीर, कारण ती उजव्या कर्णिकेत जवळपास सरळ उतरते. कॅरोटिडशी (मानेतल्या धमनीशी) गल्लत होते, तेव्हा तीन गोष्टी तपासायच्या: शिरेची हालचाल दिसते पण बोटाला लागत नाही, एका ठोक्याला दोनदा हलते आणि श्वास आत घेताना खाली उतरते. स्पंदनाची उंची उरोस्थीच्या (छातीच्या मधल्या हाडाच्या) कोनापासून सरळ उभी मोजायची, मानेच्या उताराने नाही. ३ सेंमीपेक्षा जास्त म्हणजे वाढलेली. आकड्यासोबत पेशंट किती अंशांत होता तेही लिहायचं. त्याशिवाय उद्याच्या राऊंडला तुलना कशाशी करणार?

खरी फसगत होते ती दाब फार वाढलेला असतो तेव्हा. स्पंदनाचं टोक जबड्यामागे लपतं, ४५ अंशांत काहीच दिसत नाही आणि केसपेपरवर ‘जेव्हीपी नॉर्मल’ पडतं. अशा वेळी पेशंटला ताठ बसवायचं आणि कानाची पाळी हलते का बघायचं. ताठ बसलेल्या माणसात क्लॅव्हिकलच्या, म्हणजे गळ्याखालच्या आडव्या हाडाच्या वर स्पंदन दिसलं तर दाब वाढलेलाच आहे. शंका उरली तर पोटाच्या मध्यावर तळवा ठेवून किमान १५ सेकंद एकसारखा दाब द्यायचा, पेशंटला तोंड उघडं ठेवून श्वास चालू ठेवायला सांगायचं. पातळी ४ सेंमीच्या आसपास चढून तिथेच टिकली आणि हात काढताच उतरली, तर चाचणी पॉझिटिव्ह. त्याने दम रोखला किंवा दुखून पोट आवळलं, तर उत्तर खोटं येतं. म्हणून हात आधी कोमट करायचा.

छाती मात्र फसवते, हे तुम्ही सतत बजावलंत. जुन्या हार्ट फेल्युअरमध्ये लसिकावाहिन्या फुप्फुसांतलं पाणी उपसत राहतात. म्हणून दाब जास्त असूनही क्रेप्स (फुप्फुसांतल्या पाण्याचा चरचर आवाज) ऐकू येत नाहीत. स्टीव्हनसन आणि पर्लॉफ यांच्या १९८९ च्या अभ्यासात वेज प्रेशर (नळी घालून मोजलेला हृदयाच्या डाव्या बाजूचा दाब) २२ किंवा अधिक असलेल्या ४३ पेशंटपैकी १८ जणांत क्रेप्स, सूज, वाढलेली जेव्हीपी यांतलं काहीही नव्हतं. म्हणूनच झोपताना उशा किती लागतात, बुटाची नाडी बांधायला वाकलं की अर्ध्या मिनिटात दम लागतो का, हे विचारल्याशिवाय तुम्ही खाट सोडू देत नव्हता.

हृदयाचा तिसरा ध्वनी (नेहमीच्या दोन ठोक्यांनंतरचा जादा आवाज) ऐकायला डाव्या कुशीवर वळवायचं, स्टेथोस्कोपची बेल (वाटीसारखी बाजू) अॅपेक्सवर (हृदयाच्या टोकावर) अलगद टेकवायची, श्वास सोडल्यावर ऐकायचं. बेल दाबली की त्वचा ताणली जाते आणि हा मंद आवाज नाहीसा होतो.

रक्त पोचतंय का, म्हणजे अंग गार पडलंय का, हे बघायला हात फक्त बोटांना न लावता नडगीला आणि कोपराखाली लावायचा. मग साधं गणित: बीपी ९०/७२ असेल तर फरक १८, म्हणजे सिस्टोलिकच्या २० टक्के. २५ टक्क्यांच्या खाली गेलं की हृदय कमी रक्त बाहेर टाकतंय (आउटपुट कमी) असा संशय घ्यायचा. वयस्करांच्या कडक धमन्यांमध्ये हा फरक मुळातच मोठा असतो, तिथे या आकड्यावर विसंबायचं नाही.

सुजेबद्दल थोडंच. झोपून असलेल्याची सूज पायांवर न शोधता कंबरेखाली सेक्रमवर (माकडहाडाच्या वरच्या हाडावर) शोधायची. आणि पाय सुजलेत पण जेव्हीपी नॉर्मल आहे, तर लॅसिक्स वाढवण्याआधी गोळ्यांत अॅम्लोडिपिन (बीपीची गोळी, तिनेही पाय सुजतात) आहे का बघायचं.

डिस्चार्जच्या सकाळीही हीच तपासणी पुन्हा करायची, हा तुमचा आग्रह आम्ही सोडलेला नाही. जेव्हीपी उतरली का, उभं केल्यावर बीपी पडतं का, हे पाहून त्या दिवसाचं वजन कार्डावर लिहितो. घरच्यांना सांगतो: रोज सकाळी लघवीनंतर, चहाआधी, त्याच काट्यावर वजन करा, तीन दिवसांत २ किलो वाढलं तर ओपीडीच्या तारखेची वाट न पाहता या.

मनापासून आभार, मॅडम.

आपले,
मेडिसिन वॉर्डातले विद्यार्थी