वाघ नाही, म्हणजे ‘काहीच नाही’?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात नागपूरहून साकोलीमार्गे नागझिरा अभयारण्यात सहकुटुंब जाणे झाले. सकाळच्या सफारीत एका वळणावर सहा रानकुत्री, ज्यांना जुनी मंडळी कोळसून म्हणतात, अगदी रस्त्यालगत दिसली. तांबूस अंग, काळी झुपकेदार शेपटी, आणि मागे राहिलेल्या सोबत्याला बोलावताना भुंकण्याऐवजी घातलेली ती बारीक शीळ! मुले श्वास रोखून पाहत होती. एवढ्यात समोरून आलेल्या जिप्सीतून वाघाची बातमी मिळाली आणि आमची गाडी धुरळा उडवत तिकडे धावली. वाघ दिसला नाही तो नाहीच. फाटकावर परतल्यावर कोणीतरी विचारले, तेव्हा आमच्या गाईडने उत्तर दिले, ‘काहीच नाही.’

त्या ‘काहीच नाही’मध्ये तळ्याकाठचे गवे होते, मोहाखाली फुले वेचून गेलेल्या अस्वलाच्या खुणा होत्या आणि नराच्या डोक्यावर चार शिंगे असणारा, एकट्यानेच वावरणारा लाजाळू चौसिंगाही होता. त्या तरुण गाईडला दोष देण्यात अर्थ नाही, कारण वाघ दिसला तरच पर्यटक खूश होतात आणि बक्षिसीही तेव्हाच मिळते, हे तो अनुभवाने शिकला आहे.

नागझिऱ्याला अभयारण्याचा दर्जा १९७० साली मिळाला आणि २०१३ मध्ये ते नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचा भाग झाले. येथे वाघ मुळातच थोडे, म्हणूनच मे २०२३ मध्ये ब्रह्मपुरीच्या जंगलातून दोन वाघिणी आणून येथे सोडाव्या लागल्या. उलट रानकुत्र्यांसाठी हे जंगल जाणकारांमध्ये पूर्वीपासून ओळखले जाते, आणि जगभरात प्रजननक्षम रानकुत्री अडीच हजारांहून कमी उरली असल्याचा अंदाज आहे. दिवसाउजेडी, कळपाने, सांबरासारखे मोठे सावजही दमवून पाडणारा हा प्राणी पाहायला मिळणे हे वाघाइतकेच भाग्याचे आहे, असे माझे मत आहे. ते कोणाला अतिशयोक्त वाटले तरी चालेल.

वन विभागाला विनंती एवढीच की, प्रत्येक प्रवेशद्वारावर आदल्या दिवशी दिसलेल्या सर्व प्राणी-पक्ष्यांच्या नोंदीचा फलक लावावा, त्यात वाघाला वेगळा रकाना नसावा, आणि समोर प्राणी असताना केवळ बातमीवरून गाडी पळवण्याची सक्ती चालकावर कोणी करू नये, अशी सूचना पर्यटकांना आत सोडण्यापूर्वीच द्यावी.

आपला,
एक वाचक, प्रतापनगर, नागपूर