गाडगीळ म्हणजे नुसता फॉर्म्युला नाही

महोदय,

स्पर्धा परीक्षेवाल्या पोरांना धनंजयराव गाडगीळ म्हटलं की 'गाडगीळ फॉर्म्युला, १९६९' (केंद्राची योजनांसाठीची मदत राज्यांत वाटायचं सूत्र) तेवढं पाठ असते, पुढं विचारलं की गप्प. अरे बाप्पा, माणूस शाळा शिकला आपल्या नागपुरात, मग केंब्रिज, १९३० साली पुण्यात अर्थशास्त्राच्या अभ्यासाची गोखले इन्स्टिट्यूट उभी केली, १९६६ मध्ये पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले अन् वर्षभरात दिल्लीला योजना आयोगाचे उपाध्यक्ष म्हणून गेलेही. मला मात्र कुलगुरूपदापेक्षा प्रवरेचं काम मोठं वाटते, एवढा शिकलेला अर्थतज्ज्ञ लोणीच्या शेतकऱ्यांच्या साखर कारखान्याचा पहिला चेअरमन होता! (आजचे कुलगुरू गावात दिसतात ते दीक्षान्त समारंभाच्या फोटोत.)

जिल्हा धरून बँकांनी काम करावं हे १९६९ मध्ये त्यांच्याच अभ्यासगटानं सुचवलं, त्यातूनच लीड बँक योजना आली, म्हणजे एकेका जिल्ह्यातल्या कर्जपुरवठ्यात पुढाकार घ्यायची जबाबदारी एकेका बँकेकडे. आता आमच्या यवतमाळकडे पेरणीच्या तोंडावर कास्तकार सातबारा, आठ-अ, नो-ड्यूज घेऊन बँकेत उभा अन् साहेब म्हणते लिंक नाही, उद्या या, मग कपाशीच्या बियाण्याची थैली सावकाराच्याच पैशानं येते. नागपूर-अमरावतीच्या विद्यापीठांनी इकॉनॉमिक्सच्या पोरांना गाडगिळांचं शेतीकर्जावरचं लिखाण वाचायला लावावं, अन् एक दिवस जूनमध्ये बँकेच्या रांगेतही उभं करावं.

– एक कास्तकार वाचक, जि. यवतमाळ