वाढवणच्या समुद्राचा आवाज आधी टिपून ठेवा

मा. मत्स्यव्यवसाय मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
स. न. वि. वि.

माझा आजा इंजिन बंद करायला लावायचा, वल्हं पाण्यात सोडायचा आणि दांड्याचं टोक कानाला लावून बसायचा. कुणी बोललं की खेकसायचा. घोळ माशांचा थवा जवळ असला की लाकडातून घुर्र-घुर्र येतं म्हणे. मी कान लावला तेव्हा नुसतं पाण्याचं चुबुक-चुबुक.

घोळ बोताभोवतीचे, म्हणजे पोटातल्या हवेच्या पिशवीभोवतीचे, स्नायू थरथरवून आवाज काढते, हे नंतर कळलं. म्हणजे २०२१ मध्ये पालघरजवळच्या मुरबे गावच्या बोटीला मिळालेल्या १५७ घोळींचा लिलाव ज्या बोतापायी सव्वा कोटीच्या वर गेला, तेच तिचं वाद्य!

हायड्रोफोन, म्हणजे पाण्याखालचा माइक, हे आज्याचं वल्हंच, फक्त ते ऐकलेलं विसरत नाही. समुद्रात आवाज सेकंदाला सुमारे १,५०० मीटर धावतो. तीन-चार हायड्रोफोन लांब-लांब बसवले की कुठल्यावर आवाज आधी पोहोचला, यावरून तो कुठून आला ते काढता येतं. मासा, डॉल्फिन, ट्रॉलरचा पंखा, प्रत्येकाची पट्टी वेगळी, आलेखावर ती डोळ्यांनी दिसते. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने ग्रांदे बेटाजवळ माशांचे आवाज असे टिपलेले आहेत. परदेशातून कुणाला बोलवायला नको.

वाढवणला नव्या बंदरासाठी समुद्रात १,४४८ हेक्टर भराव व्हायचा आहे. बंदर हवं की नको, हा वाद इथे घालत नाही. माझं मत गावात सगळ्यांना ठाऊक आहे. पण उद्या आम्ही ‘घोळ गेली’ म्हणून भरपाई मागायला आलो, की साहेब विचारणार, ‘आधी होती याला पुरावा काय?’ ड्रेजर आणि खांब ठोकणारी यंत्रं रोजची झाली की तो पुरावा गोळा करता येणार नाही.

म्हणून वाढवणपासून सातपाटीपर्यंत निदान वर्षभर हायड्रोफोन ठेवा. उधाणाची मोठी भरती आणि भांगाची लहान भरती, दोन्ही धरा. जून-जुलैची मासेमारीबंदी तर अजिबात सोडू नका. आमच्या बोटी किनाऱ्याला असतात तेव्हाच समुद्र नीट ऐकू येतो. ध्वनिमुद्रणं मच्छीमार सोसायट्यांना खुली ठेवा. आणि ऐकताना शास्त्रज्ञांच्या शेजारी दोन म्हातारे तांडेल, म्हणजे बोटीचे नाखवे, बसवा. घुर्र कुणाचं, हे त्यांना विचारा. जेवणाची सोय आम्ही करू.

आपला,
डहाणू तालुक्यातला एक मच्छीमार