अक्का, तुमचे आभार सगळ्यांसमोर

प्रिय अक्का,
सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानायला घेतले की तुम्ही लगेच विषय बदलता, म्हणून हे चारचौघांत लिहिते. खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयाची पुस्तकनोंद आता माझ्या संगणकावर चालते, आणि ती अडली तर कुठे बघायचं हेही मला कळतं. दोन्ही तुमच्यामुळे.

ही नोंद ठेवणारा प्रोग्राम पायथन या संगणकाच्या भाषेत ज्याने लिहिला, तो मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला. मागे राहिला कोडचा फोल्डर, आणि ॲमेझॉनच्या क्लाउडवर, मुंबई रीजनमधल्या एस-थ्री बकेटमध्ये (फाइली साठवायच्या ऑनलाइन जागेत), मुखपृष्ठांचे फोटो. तुम्ही बेळगावात दिवसभर नोकरी करून रात्री माझा फोन घ्यायचात. माझी स्क्रीन तिकडून ताब्यात घेऊन तुम्ही सगळं झटक्यात उरकू शकला असता. तसं केलं नाहीत. "टाइप तू कर, मी ऐकते," म्हणालात. अर्धं कन्नड, अर्धं मराठी, तसंच आपलं काम पुढे गेलं.

व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (या प्रोग्रामपुरती पायथनची वेगळी जागा) तयार करणं, रिक्वायरमेंट्स फाइलमधल्या यादीप्रमाणे पिप या साधनाने लायब्ररी, म्हणजे तयार कोडचे संच, उतरवून घेणं, हे भराभर झालं. ॲक्सेस कीपाशी, म्हणजे क्लाउडमध्ये शिरायच्या गुप्त किल्लीपाशी, मात्र तुम्ही मला थांबवलंत. ही की कोडमध्ये लिहायचीच नाही. ती होम फोल्डरमधल्या क्रेडेन्शियल्स फाइलमध्ये राहील, एस-थ्रीशी बोलणारी बोटो-थ्री लायब्ररी ती आपोआप शोधते. म्हणजे तोच कोड माझ्याकडेही चालतो आणि सर्व्हरवरही, एक ओळ न बदलता. शिवाय सरावासाठी वेगळी बकेट काढायला लावलीत, आणि माझ्या कीला फक्त त्याच बकेटची परवानगी. वाचनालयाच्या खऱ्या फोटोंना माझ्या संगणकावरून धक्काच लागू शकत नाही, हे कळल्यावर मी निर्धास्तपणे बटणं दाबून बघू लागले. शिकण्यासाठी ती मोकळीक मला फार मोलाची वाटते.

मग पुस्तकांची यादी उघडली, तर नावांच्या जागी चमत्कारिक रोमन चिन्हांच्या रांगा. फाइल यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये (अक्षरं आकड्यांत साठवायच्या पद्धतीत) होती, आणि विंडोजवरचं पायथन ती जुन्या इंग्रजी एन्कोडिंगने वाचत होतं. तुम्ही फाइल उघडण्याच्या ओळीत एन्कोडिंग लिहायला सांगितलंत आणि सगळी नावं जागेवर आली. पण तुम्ही तेवढ्यावर सोडलं नाहीत. मराठीचं काय किंवा कन्नडचं काय, यूटीएफ-८ मध्ये प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं (बाइट म्हणजे साठवणीचं एक छोटं माप), आणि दोन्ही लिप्यांचा पहिला बाइट एकच, हे तुम्ही मला एकेक अक्षर घेऊन दाखवलंत. आमच्या कपाटात दोन्ही भाषांची पुस्तकं शेजारी शेजारी आहेत. त्या रात्री मी कितीतरी वेळ ते बाइट छापून बघत बसले होते.

आणि ते घड्याळ! पावसाळ्यात आमच्याकडे लाईट जाते हे तुम्हाला सांगायला नको. रात्री लाईट गेली की दुसऱ्या दिवशी फोटो चढत नसत. एरवी सगळं सुरळीत. इंटरनेट तपासलं, राउटर बंद-चालू केला, की बदलून पाहिली. तुम्ही म्हणालात, एररची शेवटची ओळ आधी वाच. तिथे वेळेचं काहीतरी लिहिलं होतं. मग तुमचा प्रश्न आला: "स्क्रीनच्या कोपऱ्यात किती वाजलेत?" भिंतीवरच्या घड्याळाच्या मानाने संगणक काही तास मागे होता. मदरबोर्डवरचा सेल संपत आलेला, वीज गेली की आतलं घड्याळ थांबायचं. आणि एस-थ्रीकडे जाणाऱ्या प्रत्येक विनंतीवर वेळेसकट सही असते. ती वेळ आणि ॲमेझॉनकडची वेळ यांत १५ मिनिटांहून जास्त फरक दिसला की विनंती परत. खानापूरच्या बाजारातून २०३२ नंबरचा गोल सेल आणला, वेळ लावली, आणि तेव्हापासून फोटो एकदाही अडलेले नाहीत.

एवढ्या लांबून, नुसत्या आवाजावरून तुम्ही ते ओळखलंत, याचं मला अजून नवल वाटतं. माझ्या कुठल्याच प्रश्नाला तुम्ही "एवढंही येत नाही का" असा सूर लावला नाहीत, आणि त्यामुळेच मी पुढचा प्रश्न विचारू शकले.

आता ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट ५००० (माझ्याच संगणकावरचा पत्ता) उघडलं की यादी दिसते, मुखपृष्ठं दिसतात. कन्नड कपाटाची नोंद निम्मी झाली आहे. लेखकांच्या आडनावांवरून शोधण्याची सोय करायची आहे, तेवढ्यासाठी एकदा फोन करीन. दिवाळीत इकडे याल तेव्हा वाचनालयात यायचंच. घरचे काजूगर तुमच्यासाठी बाजूला काढून ठेवलेत. आईंना नमस्कार सांगा.

तुमची,
वाचनालयातली धाकटी बहीण